पत्र्यावरचा दगड

माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी एक काळा दगड ठेवलेला आहे. साडेआठ किलोचा, मी काट्यावर घालून बघितलाय. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी दगडाकडं बघतं, मग माझ्याकडं, आणि शेवटी धीर करून विचारतं, "शेठ, हा कोनता देव?" एकदा मी आत तार मोजत असताना एका म्हातारीनं त्याला कुंकू लावून ठेवलं होतं. मी ते ओल्या फडक्यानं पुसून काढलं. तो देव नाही. तो माझ्या मूर्खपणाचा पुरावा आहे, आणि पुराव्याला कुणी कुंकू लावत नाही.

शिरूर कासारला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पत्रे, पाईप, तार, खिळे, कुलपं. नाव बद्रीनाथ, पण काउंटरच्या या बाजूला बसलेल्या माणसाला आमच्याकडं शेठच म्हणतात, म्हणून मी बद्रीशेठ. तीस वर्षं मी पत्रे विकले. या भागातली निम्मी माणसं माझ्या पत्र्याखाली झोपतात, असं मी पूर्वी पाहुण्यारावळ्यांत फुशारकीनं सांगायचो. आता सांगत नाही. का सांगत नाही ते समजायचं तर खडकवस्तीच्या वत्सलाबाई समजल्या पाहिजेत.

खडकवस्ती म्हणजे डोंगराच्या पायथ्याची चाळीस घरं. शिरूरहून टेम्पोनं पाऊण तास. वस्तीच्या डोक्यावर डोंगरात एक खिंड आहे, तिला लोक बारी म्हणतात. वस्तीत नावाप्रमाणं खडक भरपूर आणि पाणी कमी, त्यामुळं दिवाळी झाली की बहुतेक घरं ऊस तोडायला बाहेर पडतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. ऊसतोडीत माणसं एकेकटी मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. वत्सलाबाई आणि त्यांचे मालक शहादेव यांचा कोयता बावीस वर्षं चालला.

घर सोडून निघताना दाराला कुलूप लावायचं आणि पत्र्यावर दगड वाढवायचे, ही वस्तीची रीत. कुणाच्या घरावर दहा, कुणाच्या घरावर वीस. मागं बघायला कुणी नाही, तेव्हा पत्र्यावर भार असलेला बरा. परत आल्यावर ते उतरवायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. पुढल्या दिवाळीला आणखी दोन वाढतात.

आता यातली गंमत बघा. माणसं घरात नसतात ते महिने थंडीचे. तेव्हा वारा असा, की शेकोटीचा धूर सरळ वर जातो. माणसं परत येतात चैत्रात, आणि वावधन सुटतं ते चैत्र-वैशाखात. म्हणजे रिकाम्या घराची राखण करायला ठेवलेले दगड भरल्या घराच्या डोक्यावर राहतात. तीस वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मी बी.कॉम. झालेला माणूस आहे.

वावधन म्हणजे वावटळ नव्हे. वावटळ फाल्गुनात उठते, गोल गोल फिरते, पाचोळा आणि कुणाचं तरी वाळत घातलेलं फडकं घेऊन रानातून निघून जाते. लोक म्हणतात तिच्यात भूत असतं, आणि पोरं तिच्यावर चप्पल फेकतात. तिला भ्यायचं कारण नाही. वावधन मात्र सांगून येत नाही. दुपारभर झाडाचं पान हलत नाही, उकाड्यानं जीव नकोसा होतो, मग डोंगरावरच्या ढगाची खालची कड मातकट दिसायला लागते. एकाएकी अंगाला गार झुळूक लागते. बरं वाटलं, असं तुम्ही म्हणेपर्यंत धुळीची भिंत अंगावर आलेली असते. पाऊस असतो, नसतोही. सगळा दहा-बारा मिनिटांचा खेळ. आणि त्याची खोड अशी की ते पट्टा धरून येतं. एका घराचा पत्रा दोन शेतं ओलांडून बाभळीत अडकलेला सापडतो आणि शेजारच्या घरी दोरीवरचा टॉवेलसुद्धा जागचा हलत नाही. म्हणून लोक नशिबाला बोल लावून मोकळे होतात.

वत्सलाबाईंना हा नशीब शब्द खपत नाही. पण ते नंतरचं.

गुरांच्या छावण्या लागल्या होत्या त्या २०१९च्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार. वस्तीवर टँकर आला म्हणून वत्सलाबाई हंडे घेऊन बाहेर गेल्या होत्या. शहादेव घरात आडवा झाला होता. बारीतून वारा सुटला, पत्र्याचा एक कोपरा उचलला गेला, दोनदा आपटला आणि वरचे दगड घसरले. बाकीचे जमिनीवर पडले. एक शहादेवच्या कंबरेवर पडला. आधी बीड झालं, मग नगर झालं, आणि मणका गेला म्हणून डॉक्टरनं घरी पाठवलं. कंबरेखाली हालचाल नाही. बावीस वर्षांचा कोयता त्या दिवशी मोडला.

याचा मला पत्ता नव्हता. दोन महिन्यांनी, बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही अशा वेळी एक उंच, हाडापेराची, पन्नाशीकडं आलेली बाई खांद्यावर पोतं घेऊन आत शिरली. रांग नाही, विचारणं नाही. तिनं पोत्यातून दगड काढला आणि माझ्या गल्ल्यावर ठेवला. काचेला तडा गेला. मी तोंडाचा फटकळ आहे.

"बाई, डोकं ठिकानावर हाय का?"

"वळखलं का, शेठ?"

"दगडाला काय वळखायचं?"

"दगडाला न्हाई. मला." बाईचा आवाज चढला नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. "दोन वर्सामागं तुमच्याकडून पत्रे नेलते आमी. मालक हुक मागत होते. तुमी म्हनलात, हुक कशाला, दगड ठेवा वरून, तुमच्याकडं दगडाला काय तोटा हाय. लोक हसले. आमीबी हसलो."

मी असं बोललो असेन का? अहो, ते माझं आवडतं वाक्य होतं. शेकडो जणांना ऐकवलं असेल. लोक हसायचे, मला बरं वाटायचं.

"त्यातला हा दगड. मालकाच्या कंबरंवर पडला. आता उठत न्हाईत."

बाई भरपाई मागायला आली असं मला वाटलं आणि माझा हात गल्ल्याच्या खणाकडं गेला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

"पैसं नकोत," त्या म्हणाल्या. "आन् चूक एकट्या तुमची न्हाई. कारखान्याला निघायच्या दिशी मालक शिडीवरून उतरत होते. मीच म्हनले, अजून एक ठेवा. हा तोच. मला हुक पायजेत, आन् ते कसं बसवायचं ते दावा. मालक त्याच पत्र्याखाली निजतेत. वारा आला की बाकीची मानसं बाहीर पळतेल. त्यांना पळता येत न्हाई."

मी सगळी गिऱ्हाइकं बाजूला ठेवून त्यांना इंग्रजी 'जे' अक्षरासारखा वाकवलेला हुक दाखवला, वायसर दाखवलं, पत्र्याला भोक कुठं पाडायचं, आत हुक पाइपाला कसा अडकवायचा, सगळं सांगितलं. त्यांनी हुक हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला.

"हुक पत्र्याला धरील. बरं. पत्रा पाइपाला. पाइपाला कोन धरनार?"

पाईप दगडामातीच्या भिंतीवर नुसता ठेवलेला असतो. त्याला कुणी धरलेलं नसतं. तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला हे विचारलं नव्हतं आणि मी स्वतःला विचारलं नव्हतं. वत्सलाबाई दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. चहा मागवला तर घेतला नाही. बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाल्या, "शेठ, उसाची गाडी भरल्यावर तिच्यावर आमी दगड ठेवतो का?"

"न्हाई."

"दोर टाकतो. वरून आडवा, आन् खाली गाडीच्या साट्याला आवळतो. नाल्यातून, खड्ड्यातून गाडी जाती, उसाचं टिपरू पडत न्हाई. कोपीचं तसंच. फडात आमी कोप्या घालतो, चटईच्या. कामट्या भुईत रवतो. कोपीवर दगड ठेवलेला कुनी बघितलाय का? बावीस वर्सं कोपीत ऱ्हायले, कोपी उडाली न्हाई. घर उडालं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. दोर आवळण्यात सगळा महाराष्ट्र ज्यांचा हात धरू शकत नाही, त्या माणसांनी स्वतःच्या घरावर दगड ठेवले होते. आणि ठेवा म्हणणारा मी.

त्या निघाल्या तेव्हा मी दगड उचलून त्यांच्या पोत्यात घालायला गेलो. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "तुमाला लागंल."

पुढचं काम त्यांनी कुणाला न विचारता सुरू केलं. पत्र्यावरचे दगड उतरवले. भिंतीच्या बुडाला दोन हात खोल खड्डे घेतले, मुरूम फोडून. प्रत्येक खड्ड्यात एकेक दगड सोडला, त्याला आधी दोराचा फास घातलेला, आणि वरून मुरूम टाकून धुम्मसानं ठोकला. या बाजूच्या दगडापासून दोर वर, पत्र्यावरून आडवा, आणि त्या बाजूच्या दगडापर्यंत खाली. दगड तेच, नुसती त्यांची जागा बदलली. गाडी आवळण्यात शहादेव टोळीत एक नंबरचा माणूस होता. त्याचे पाय गेले होते, हात गेले नव्हते. तो खाटेवर पडून फास करायचा आणि बाई बाहेर नेऊन दगडाला घालायची.

पहिल्या वर्षी त्यांनी ट्रॉलीचे जुने नायलॉनचे दोर वापरले. उन्हानं ते आतून कुजले. पुढच्याच वैशाखात बारीकडचा एक दोर तुटला आणि पत्रा कोपऱ्यात हातभर उघडला. वर दगड नव्हता म्हणून कुणाला काही झालं नाही. पण वस्तीला बोलायला विषय मिळाला. शेजारचा सटवा ओट्यावर बसून म्हणाला, "बैल गेला आन् झोपा केला. त्योबी टिकंना."

सटवा वाईट माणूस नाही, त्याची जीभ वाईट आहे. मी त्या जातीचाच असल्यामुळं मला ओळखता येतं. वत्सलाबाई शिडीवरून खाली उतरल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"आमचा बैल गेला, सटवाभाऊ. तुमच्या घरात चौघं अजून आपल्या पायानं उठतेत. म्हनून सांगायला येते."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडं तार न्यायला आल्या. गॅल्वनाइजची, जाड, उन्हाला न कुजणारी. तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी त्या येतात. कमरेला पक्कड खोचलेली, हातात मापाची काठी. तार मोजून होईपर्यंत चहा घेत नाहीत. मी पहिल्यांदा पाच वाव कमी मोजली होती, मुद्दाम नव्हे, पण तेव्हापासून काठी त्यांचीच. वस्तीत त्यांना तारवाली म्हणायला लागले. आधी हसून, नंतर नुसतंच.

त्यांची तऱ्हा बघण्यासारखी होती. भाषण नाही, सभा नाही. दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या दिवशी, ज्या घरचा माणूस दगड घेऊन शिडी चढायला लागला, त्या घरी बाई कुदळ घेऊन हजर. "चढवायला निघालात? ते दगड मला द्या, बुडाला पुरते. तुमी बिनघोर जावा." निघायच्या घाईतल्या माणसाला वाद घालायला वेळ नसतो, हे त्यांना बरोब्बर माहीत. बाईमाणूस पत्र्यावर चढलं म्हणून म्हातारे नाकं मुरडायचे. त्या वरूनच विचारायच्या, "कावून, तुमी चढता का?" पहिल्या साली तीन घरं झाली, दुसऱ्या साली अकरा. सटवाचं घर तिसऱ्या साली झालं, आणि त्यानंतर तोच खड्डे घ्यायला त्यांच्या बरोबर जाऊ लागला. तोंड चालू असायचंच, पण कुदळही चालू असायची. कुणी म्हणालं की, वत्सलाबाई, ज्याच्या नशिबात असतं ते घडतं, तर त्या एवढंच म्हणायच्या, "नशिबाला शिडी लागत न्हाई. दगडाला लागती. दगड मानूस चढवतं."

पाच वर्षांत एकोणचाळीस घरं झाली. राहिलं एक. केसरबाईंचं.

केसरबाई सत्तरीच्या. त्यांचे मालक सुंदरराव वस्तीचे मुकादम होते. टोळी त्यांचीच, वत्सलाबाई आणि शहादेव त्यांच्याच हाताखाली ऊस तोडायचे. सुंदरराव जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा पुण्याला. घर वस्तीच्या टोकाला, थेट बारीच्या तोंडाशी, आणि त्याच्या पत्र्यावर बावीस दगड.

गेल्या वर्षी वैशाखात तारेचं नवं बंडल टेम्पोत टाकून मी स्वतः खडकवस्तीवर गेलो. वत्सलाबाई मला घेऊन सरळ केसरबाईंच्या अंगणात गेल्या. त्यांना वाटलं असावं, शेठ बरोबर असला तर म्हातारी ऐकेल. म्हातारीनं मला बसायला घोंगडं दिलं आणि बोलली वत्सलाबाईंशी.

"वत्सले, कितींदा येशील? ते दगड मालकाच्या हातचे हायेत. एकेक ओढ्यातून निवडून आनलाय त्यांनी. आमच्या टोळीत कोयता धरायचीस तू, आन् आता मला घर शिकवतीस व्हय?"

"फेकायला मागत न्हाई, काकू. तुमच्याच भिंतीच्या बुडाला पुरते. मालकाच्या हातचं घराच्या पायाला ऱ्हाईल."

केसरबाई वर बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "अंगनात बसले की दिसतेत मला. सकाळी एकदा मोजते. पुरलेस तर कुठं दिसतेल?"

वत्सलाबाईंनीही वर बघून ते दगड मोजले. मला गलबलून आलं, खोटं कशाला बोलू. वत्सलाबाई उठल्या, म्हणाल्या, "उंद्या परत येते, काकू," आणि आम्ही त्यांच्या घराकडं निघालो.

वत्सलाबाईंचं घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. शहादेवची खाट मधोमध, बरोबर पत्र्याखाली. माणूस वाळलाय, पण दाढी रोजची, आणि उशाशी तारेच्या फासांचा ढीग. मुलगी एकच, राजनंदिनी, ती तेलगावला दिलेली. पाच-सहा वर्षं या घरात दोघंच. शहादेवनं मला बघून हात जोडले. वत्सलाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. बाहेर पान हलत नव्हतं. माझा सदरा पाठीला चिकटला होता.

आधणाला उकळी यायच्या आत त्या दारात गेल्या आणि थांबल्या. मी त्यांच्या मागून बघितलं. मला डोंगर दिसला आणि ढग दिसला, दुसरं काही नाही. त्यांनी चूल विझवली. सटवाच्या शेळ्या दावणीला ओढ घेत होत्या. आणि मला गार झुळूक लागली. बरं वाटलं, असं मी म्हणणार होतो.

"शेठ, बारीकडचं दार लावा आन् कडी घाला. उघडू नगा. वारा आत शिरला की पत्रा फुगतो. मालकाजवळ बसा."

मी दार लावेपर्यंत त्या पडवीच्या दारानं बाहेर पडल्या होत्या. मला वाटलं, शेळी सोडायला गेल्या असतील. ते दारही मी ओढून घेतलं.

मग ते आलं. मी हे आयुष्यभर दुकानात बसून ऐकलं होतं, आतून बघितलं नव्हतं. आधी सगळीकडं अंधारून आलं, मग दारावर कुणीतरी धुळीची पाटी रिकामी केल्यासारखा आवाज, आणि मग पत्रा ओरडायला लागला. माझा पत्रा. मी विकलेला. तो वर उचलायचा प्रयत्न करत होता. तारा ताणल्या की टणत्कार व्हायचा, सैल पडल्या की पाईप भिंतीवर टेकायचा. दर वेळी मी डोकं हातांत लपवायचो. मी दाराकडं धावलो असेन, कारण शहादेव म्हणाला, "बसा, शेठ. दार उघडू नगा म्हनलीया ती. आन् पत्रा तुमचाच हाय. भ्यायला काय झालं?"

माणूस थट्टा करत होता. त्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवलेले, नजर वर. मी त्याच्या खाटेच्या पायथ्याशी खाली बसलो.

"बाई कुठं राहिल्या?" मी ओरडून विचारलं. धुळीनं घसा भरला होता.

"ती यायची न्हाई."

"म्हंजे?"

"काकूंकडं गेली असंल. तिथं दगड हायेत. हितं काय हाय? हितल्या तारंवर तिचा भरवसा हाय."

बाहेर कुठंतरी पत्रा फाटल्याचा आवाज झाला. लांब, कागद फाडावा तसा. आणि त्यामागं धप्प धप्प असं काहीतरी, एकामागून एक. शहादेवनं डोळे मिटले. आता मात्र तो घाबरला होता. तो आपल्या पत्र्याकडं बघत नव्हता. कान बाहेर लावून पडला होता. आमच्या डोक्यावर तारा टणटणत होत्या आणि त्या खोलीत, बावीस वर्षं एका बाईबरोबर कोयता धरलेला माणूस, पाय हलत नसताना, तिच्याकडं जायचं म्हणून खाटेच्या कडेला धरून वर उठायला बघत होता. मी त्याचा हात धरला.

दहा मिनिटं झाली असतील. वारा आला तसा गेला. चार थेंब पत्र्यावर वाजले आणि तेही थांबले. मी दार उघडलं.

समोरून त्या येत होत्या. केसांत, भुवयांत माती, पदर फाटलेला, आणि काखेला धरून केसरबाई. म्हातारी आपल्या पायांवर होती. वत्सलाबाईंच्या मनगटावर लाल ओरखडे होते; ते केसरबाईंच्या नखांचे, हे मागाहून कळलं. म्हातारी घरातून निघायला तयार नव्हती. बाईंनी तिला उचलून बाहेर काढलं आणि पाण्याच्या हौदाच्या आडोशाला तिच्यावर पडून राहिल्या. नंतर मी जाऊन ते घर बघितलं. सात पत्रे गेले होते. केसरबाईंच्या खाटेचा आडवा दांडा मधोमध मोडला होता आणि सुतळीत दोन दगड अडकले होते.

केसरबाई खोलीत येऊन खाली बसल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी मान वर करून पत्र्याकडं बघितलं, बराच वेळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"वत्सले."

"काय, काकू?"

"एकवीस पुर. एक अंगनात ठेव, मला दिसंल असा."

"ठेवते."

वत्सलाबाई खाटेकडं आल्या नाहीत. आधी त्या बाहेर जाऊन घराभोवती एक फेरी मारून आल्या. कमरेची पक्कड काढून बारीकडच्या तारेला दोन पीळ दिलेले मला खिडकीतून दिसले. मग आत आल्या, हात धुतले, विझलेली चूल पुन्हा पेटवली, आणि त्यानंतर शहादेवच्या उशाशी बसल्या. त्यानं त्यांच्या मनगटावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"तू आली न्हाईस."

"न्हाई." त्या खाली बघत होत्या. "भ्या वाटलं का तुमाला, एकट्याला?"

"शेठला वाटलं," शहादेव म्हणाला. मग त्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "मला न्हाई. तू पळत आली असतीस, तर वाटलं असतं."